स्टिअरिंग रॅक विकत घ्यायचा की बनवून घ्यायचा? फॉर्म्युला संघात नव्याने आलेल्यांसाठी डिझाइन आणि खर्चाची तुलना

फॉर्म्युला संघ म्हणजे छोटी रेसिंग गाडी स्वतः बनवून स्पर्धेत उतरवणारे विद्यार्थी. तिथे स्टिअरिंगचं काम वाट्याला आलं की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघतो. रॅक म्हणजे दात असलेली दांडी; पिनियन हे छोटं दातेरी चाक फिरलं की ती डावी-उजवी सरकते आणि पुढची चाकं वळतात. कोणी म्हणतं, पुण्यात नाना पेठेत मारुती ८०० चा रॅक मिळतो, तोच कापून बसवू. कोणी म्हणतं, भोसरीत वायरकटवर (तारेतल्या विजेच्या ठिणगीने धातू कापणारं मशिन) दात काढून घेऊ. तिसरा परदेशी तयार रॅकची किंमत रुपयांत करून दाखवतो. मग तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जातात आणि सगळ्यात लहान आकडा जिंकतो.

अडचण अशी की ते आकडे एकाच वस्तूचे नसतात. नाना पेठेतला आकडा नुसत्या रॅकचा असतो. भोसरीतल्या आकड्यात दात असतात, पण हाउसिंग (रॅक आणि पिनियन धरणारी पेटी), बेअरिंग आणि हीट ट्रीटमेंट नसते. परदेशी रॅकच्या आकड्यात कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरलेलं नसतं. तुलना करायची तर गाडीत बसलेल्या, तांत्रिक तपासणीतून पास झालेल्या आणि एक सुटा संच हाताशी असलेल्या पूर्ण स्टिअरिंगच्या खर्चाची करायला हवी. ती कशी करायची ते इथे क्रमाने लिहितो. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या फॉर्म्युला संघात स्टिअरिंग सांभाळलं आणि आता चाकणला सुट्या भागांच्या कॉस्टिंगचं काम करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून झाल्या आहेत.

आधी हे जवळ ठेवा

मोजमापासाठी: व्हर्निअर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, व्ही-ब्लॉक, कोनमापक, सामान मोजायचा हुकाचा काटा, टॉर्क रेंच.

शॉपमध्ये नेण्यासाठी: प्रत्येक भागाचं टॉलरन्ससह छापलेलं ड्रॉइंग, पेन ड्राइव्हवर स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारं ३डी मॉडेल), असेंब्लीचं एक चित्र, फॅकल्टी ॲडव्हायजरच्या सहीचं कॉलेजचं पत्र, आणि बिल कोणाच्या नावावर काढायचं त्याचा तपशील. यातलं शेवटचं आधी ठरवा. संघातल्या एखाद्याच्या नावावर निघालेलं बिल कॉलेज परत करतं आणि शॉपवाले दुसरं बिल काढून द्यायला तयार नसतात.

शॉपमधून परत आणण्यासाठी: बिल, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, हार्डनेसचा रिपोर्ट आणि काम चालू असतानाचे फोटो. कॉस्ट इव्हेंटमध्ये जज नेमके हेच मागतात. कॉस्ट अँड मॅन्युफॅक्चरिंगला १०० गुण असतात आणि इंजिनिअरिंग डिझाइनला १५०. दोन्हीकडे ‘हे असंच का केलं?’ या प्रश्नाला कागद दाखवून उत्तर देता आलं पाहिजे.

१. गाडीला किती वळायचं आहे ते ठरवा

रॅक नंतर बघू. आधी त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडा आणि ट्रॅकची वळणं पाहा. ऑटोक्रॉस आणि एन्ड्युरन्स या शर्यतींमध्ये हेअरपिनचा (उलट फिरणाऱ्या तीव्र वळणाचा) बाहेरचा व्यास कमीत कमी ९ मीटर असतो. म्हणजे बाहेरच्या कडेची त्रिज्या ४.५ मीटर.

समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) १५५० मिमी आहे आणि पुढच्या दोन चाकांतलं अंतर १२०० मिमी. बाहेरचं चाक बरोबर ४.५ मीटरच्या वर्तुळावरून जायचं असेल तर अकरमनच्या भूमितीने (सगळी चाकं एकाच केंद्राभोवती फिरतात असं धरून) त्याला साधारण २० अंश वळावं लागतं आणि आतल्या चाकाला २७. प्रत्यक्षात गाडी अगदी कडेला चिकटून जात नाही आणि टायर थोडा घसरतोच. म्हणून आतल्या चाकासाठी ३० अंश धरून चाला. त्यापुढे गेलात तर चाक विशबोनला (सस्पेन्शनचा हात) किंवा टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारी दांडी) रिमला लागतो का, हे कॅडमध्ये पूर्ण बंप आणि पूर्ण ड्रूपला, म्हणजे चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना, तपासा.

नियमांतल्या ज्या गोष्टींचा खर्चावर थेट परिणाम होतो त्याही इथेच लिहून काढा. स्टिअरिंग व्हील आणि पुढची चाकं यांत यांत्रिक जोडणी हवी. मधले जोड यांत्रिक हवेत आणि तपासणाऱ्याला दिसले पाहिजेत. दोन्ही टोकांना पक्के स्टॉप हवेत. क्विक रिलीज (व्हील झटक्यात काढता येणारा जोड) हवाच. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे आणि लॉक होणारे हवेत. आणि स्टिअरिंग व्हीलवर मोजलेला एकूण प्ले (चाकं न वळता होणारी मोकळी हालचाल) ७ अंशांच्या आत हवा. हा ७ अंशांचा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढचं बरंचसं गणित त्याच्याभोवती फिरतं.

२. एका फेऱ्यात रॅक किती सरकतो ते काढा

पिनियनचा पिच व्यास म्हणजे मोड्यूल (दाताचा आकार सांगणारा मिमीतला आकडा) गुणिले दातांची संख्या. त्याला पाय (३.१४) ने गुणलं की एका पूर्ण फेऱ्यात रॅक किती सरकेल ते मिळतं. दीडचा मोड्यूल आणि १८ दात: पिच व्यास २७ मिमी, एका फेऱ्यात ८४.८ मिमी. दोनचा मोड्यूल आणि १६ दात: ३२ मिमी, १००.५ मिमी.

आता अपराइटवरचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्टिअरिंग आर्म ७० मिमी धरा. चाक ३० अंश वळवायला रॅक साधारण ३५ मिमी सरकायला हवा. पहिल्या पिनियनवर त्यासाठी स्टिअरिंग व्हील सुमारे १४९ अंश फिरवावं लागतं, म्हणजे गुणोत्तर पाचच्या आसपास. दुसऱ्यावर १२५ अंश, गुणोत्तर चारच्या थोडं वर. दोन्हीत ड्रायव्हरला हात बदलावे लागत नाहीत.

रोजच्या छोट्या गाडीच्या मॅन्युअल रॅकवर पिनियनला मोजकेच दात असतात आणि एका फेऱ्यात रॅक फार कमी सरकतो. उदाहरणासाठी ४० मिमी धरा. ३५ मिमी सरकायला व्हील ३१५ अंश फिरवावं लागेल. स्लॅलममध्ये (शंकूंमधून नागमोडी जाताना) एवढं फिरवत बसणं अशक्य आहे.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे आर्म छोटा करणं. ४५ मिमीचा आर्म घेतला की २२.५ मिमीत काम होतं आणि व्हील २०२ अंशांवर येतं. पण त्याची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. रॅकवरचं बल दीडपटीहून जास्त वाढतं. आणि रॅकमधल्या एक मिलिमीटर प्लेमुळे चाक आधी ०.८ अंश हलत होतं, ते आता १.३ अंश हलतं. टेस्टिंगला ड्रायव्हर ‘सरळ रेषेत गाडी भटकते’ म्हणतो, त्याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

हाताला लागणारा जोरही आत्ताच काढून ठेवा. कोपऱ्यात रॅकवर १००० न्यूटन येतात असं धरलं, तर २७ मिमीच्या पिनियनवर १३.५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. २५० मिमीच्या व्हीलवर दोन्ही हातांत मिळून १०८ न्यूटन. ३२ मिमीच्या पिनियनवर तेच १२८ होतात. एन्ड्युरन्सच्या शेवटच्या फेऱ्यांत हा फरक खांद्यांना कळतो.

३. चार पर्याय, चार वेगळे खर्च

एक, गाडीचा तयार रॅक जसाच्या तसा किंवा कापून. दोन, तयार गाडीची रॅक-पिनियन जोडी आणि हाउसिंग मात्र आपलं. तीन, सगळंच आपलं. चार, विद्यार्थी गाड्यांसाठी बनवलेला तयार परदेशी रॅक.

चौथ्याबद्दल थोडक्यात सांगतो. पैसे असतील आणि माणसं कमी असतील तर तो चांगला पर्याय आहे. मात्र ड्युटी, कुरिअर आणि पोचायला लागणारा वेळ धरूनच आकडा लिहा. आणि डिझाइन जजसमोर तो का निवडला हे सांगता येईल एवढं वरचं गणित तरी तुमचंच हवं.

दुसरा पर्याय कागदावर सुटसुटीत दिसतो. पण तयार जोडीचे दात बहुतेक वेळा तिरके असतात, पिनियनचा अक्ष रॅकशी काटकोनात नसतो आणि त्या कोनाचं ड्रॉइंग तुमच्याकडे नसतं. उलटं मोजून हाउसिंग बनवण्यात जेवढं डोकं आणि वेळ जातो, तेवढ्यात स्वतःचे सरळ दात होतात. माझं मत विचाराल तर हा पर्याय सोडून द्या.

खरी निवड पहिल्या आणि तिसऱ्यात असते.

४. तयार रॅक घेणार असाल तर

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी तिचे भाग अजून फिरतात. नॅनोचाही रॅक संघ वापरतात. नाना पेठेत नवा मिळतो. जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, कधी कधी जुना हाती लागतो. पॉवर स्टिअरिंगचा घेऊ नका. घेण्यापूर्वी दुकानातच या गोष्टी मोजा.

एका फेऱ्यातलं सरकणं: पिनियनवर मार्करने खूण करा, एक पूर्ण फेरा द्या, रॅक किती सरकला ते व्हर्निअरने मोजा. कोणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

प्ले: पिनियन घट्ट धरून रॅक मागेपुढे हलवा. इथे बरेच जण फसतात. एका फेऱ्याला ४० मिमी सरकणाऱ्या रॅकवर १ मिमी प्ले म्हणजे व्हीलवर ९ अंश! ०.८ मिमी असला तरी ७.२ अंश, म्हणजे उरलेलं स्टिअरिंग अगदी निर्दोष असूनही तपासणीत नापास. हाच १ मिमी ८४.८ वाल्या रॅकवर फक्त ४.२ अंश होतो. बहुतेक रॅकना मागून स्प्रिंगचा आधार आणि तो कसायचा स्क्रू असतो. तो कसून प्ले जातो का पाहा. मधल्या भागात कसल्यावर टोकांना रॅक अडकत असेल तर मधले दात झिजले आहेत. तो रॅक परत ठेवा.

पिनियनची जागा: आपल्याकडच्या गाड्यांचं व्हील उजवीकडे असतं, म्हणून पिनियनही उजवीकडे असतो. तुमचा ड्रायव्हर मधोमध बसतो. मग कॉलम तिरका न्यायचा, जास्तीचा युनिव्हर्सल जॉइंट (दोन शाफ्ट कोनात जोडणारा सांधा) घालायचा, किंवा रॅक सरकवून एका बाजूला लांबी जोडायची. हा खर्च रॅकच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

आतल्या बॉल जॉइंटमधलं अंतर: हे सस्पेन्शनच्या भूमितीशी जुळलं नाही तर चाक वरखाली होताना आपोआप वळतं, म्हणजेच बंप स्टिअर. जुळवायचं तर रॅक कापावा लागतो आणि कापलेल्या टोकाला आटे पाडावे लागतात. रॅकचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्यामुळे साधा टॅप तुटतो. या कामाचा दर आधी विचारून ठेवा.

एक गोष्ट अजिबात करू नका: रॅक कापून वेल्ड करणं. ते मध्यम कार्बनचं, कडक केलेलं स्टील असतं. वेल्डच्या शेजारी ते ठिसूळ होतं आणि चीर वरून दिसतही नाही. स्टिअरिंग तुटणं म्हणजे काय, हे संघातल्या प्रत्येकाने एकदा शांतपणे मनात आणावं.

५. स्वतःचा रॅक: दात कसे काढायचे यावर खर्च ठरतो

मोड्यूल प्रमाणित घ्या: १.५ किंवा २. कोपऱ्यावरच्या हॉबिंग शॉपकडे (गोल गिअरचे दात काढणारं) त्याचा हॉब, म्हणजे कटर असतो. १.७ असं काही काढून बसलात तर एका पिनियनसाठी वेगळं टूल लागतं. २० अंशांच्या दाताला १७ पेक्षा कमी दात घेतले की मुळाशी अंडरकट सुरू होतो, म्हणजे दात मुळाशी कोरला जातो. १६ ला तो नगण्य असतो, त्याखाली वाढत जातो. करेक्शन देऊन (दाताचा आकार थोडा सरकवून) त्यातून वाट निघते, पण पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

रॅकचे दात काढायचे तीन रस्ते आहेत.

मिलिंग: फॉर्म कटर लागतो. त्यावर ‘१३५ ते रॅक’ अशी दातांची रेंज कोरलेली आहे ना, ते पाहून घ्या. मशिनला डिजिटल रीडआउट असेल आणि माणूस अनुभवी असेल तर हा सगळ्यात स्वस्त रस्ता.

वायरकट: इथे दर कापलेल्या क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस मिलिमीटरवर असतो. क्षेत्रफळ तुम्ही घरीच काढू शकता. दीड मोड्यूलचा एक दात ४.७ मिमी जागा घेतो, पण वायर त्याच्या कडेकडेने वर-खाली जाते, तेव्हा प्रत्यक्ष कापलेली लांबी साधारण ९.५ मिमी होते. म्हणजे दातांच्या लांबीच्या दुप्पट. १०० मिमी दातांसाठी २०० मिमी कट, रॅक २० मिमी रुंद असेल तर ४००० चौरस मिमी. याला दराने गुणा आणि मगच फोन करा. समोरच्याने सांगितलेला आकडा फार वेगळा असेल तर सेटिंगचे पैसे त्यात आहेत का ते विचारा. वायरकटचा मोठा फायदा असा की आधी कडक केलेलं मटेरियल कापता येतं. हीट ट्रीटमेंटनंतर रॅक वाकतो, तो सरळ करण्याचा त्रास वाचतो.

सीएनसी गिअर कटिंग: उत्तम काम होतं, पण मोठ्या लॉटवाल्या शॉपमध्ये तुमचे दोन नग रांगेत मागे राहतात.

मटेरियलबद्दल. रॅकवर १००० न्यूटन, दाताची रुंदी २० मिमी, मोड्यूल १.५: लुईसच्या सूत्राने १८ दातांच्या पिनियनच्या दाताच्या मुळाशी सुमारे १०८ मेगापास्कल येतात. चाक ट्रॅकच्या कडेच्या कर्बला आदळलं तर बल तिप्पट धरा, म्हणजे ३२४. नॉर्मलाइज केलेल्या ईएन ८ या साध्या मध्यम कार्बन स्टीलचं यील्ड (कायमचं वाकायला लागण्याचा ताण) २८० च्या आसपास असतं, तेव्हा ते बाद. ईएन २४ हे मिश्र स्टील ‘टी’ कंडिशनमध्ये (आधीच कडक आणि टेंपर केलेलं) घेतलं तर पुढे वेगळी हीट ट्रीटमेंट न करताही स्पर्धेपुरतं व्यवस्थित चालतं. किलोमागे ते महाग आहे, पण एका रॅक-पिनियनला लागतं किती! केस हार्डनिंगवाल्याचं किमान लॉटचं बिल वाचतं, त्यात हा फरक भरून निघतो.

आता पिनियन. वायरकटवाला म्हणेल, ‘हा पण इथेच काढून देतो.’ थांबा. वायर आरपार जावी लागते, त्यामुळे दात आणि शाफ्ट एकाच तुकड्यात होत नाहीत. मग पिनियन वेगळा, त्याला बोअर (मधलं भोक), बोअरमध्ये की-वे (शाफ्टवर तो घसरू नये म्हणून बसवायच्या कीचा खाचा). दीड मोड्यूल आणि १८ दातांवर मुळाचा व्यास २३.२५ मिमी येतो. १५ मिमीचा बोअर पाडला की भिंत ४.१ मिमी उरते आणि ५ मिमीच्या कीचा खाचा २.३ मिमी खोल गेला की उरतात १.८ मिमी. एवढ्या पातळ भिंतीवर स्टिअरिंग सोडायचं नाही. शाफ्टसकट एकसंध पिनियन लेथवर करून हॉबिंगला द्या. वेगळाच करायचा असेल तर दोन मोड्यूल, १६ दात घ्या. तिथे भिंत ३.७ मिमी उरते. निदान खाचा दाताच्या बरोबर खाली येईल असं ड्रॉइंगवर लिहा.

६. हाउसिंग: पैसे टॉलरन्समध्ये जातात

हाउसिंग ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचं. १५० × ७० × ६० मिमीचा ठोकळा १.७ किलोचा असतो आणि तयार भाग ४०० ग्रॅमचा झाला तरी पैसे १.७ किलोचेच मोजावे लागतात. मात्र मोठा खर्च मशिनच्या तासांचा आणि सेटिंगचा असतो.

समजा व्हीएमसीचा (सीएनसी मिलिंग मशिनचा) दर तासाला ६०० रुपये, प्रोग्रॅम आणि सेटिंगला ४ तास आणि एका नगाच्या कटिंगला ३ तास. एक नग: ४२०० रुपये. दोन नग: ६००० रुपये, म्हणजे नगाला ३०००. सुटा नग ‘नंतर बघू’ म्हणून टाळलात तर नंतर पुन्हा ४२०० मोजावे लागतील. दर तुमच्या शॉपचा घाला, हिशोबाची रीत हीच राहते. ठोकळा पाच बाजूंनी धरावा लागत असेल तर डिझाइन बदलून दोन धरण्यांत बसवा. पैसे वाचतातच, शिवाय बोअर एकमेकांच्या रेषेत येतात.

टॉलरन्सचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. नवे डिझायनर घाबरून सगळीकडे ०.०१ लिहितात. रॅक आणि पिनियनमधलं अंतर ०.१ मिमी चुकलं तर दातांतला प्ले किती वाढतो? २ × ०.१ × टॅन २० अंश, म्हणजे ०.०७३ मिमी. ८४.८ मिमी प्रति फेरा या रॅकवर तो व्हीलवर फक्त ०.३ अंश होतो. तेव्हा या अंतराला ±०.०५ भरपूर झालं. बेअरिंगच्या बोअरला मात्र एच७ हा टॉलरन्सचा दर्जा हवा, ३२ मिमीच्या बोअरसाठी शून्य ते अधिक २५ मायक्रॉन.

याउलट क्विक रिलीजच्या स्प्लाइनमधला (दातेरी जोडातला) २ अंशांचा प्ले व्हीलवर २ अंशच दिसतो. स्वस्त युनिव्हर्सल जॉइंटचंही तेच. पैसे खर्चायचे तर तिथे खर्चा. हाउसिंगवर शंभर ठिकाणी ०.०१ लिहून वाढवलेलं बिल प्लेमध्ये काहीच परत देत नाही.

जुळवणीतला एक सापळा. दीड मोड्यूल, १८ दातांच्या पिनियनचा बाहेरचा व्यास ३० मिमी. ६००१ बेअरिंगचा बाहेरचा व्यास २८. म्हणजे २८ च्या बोअरमधून पिनियन आत जाणारच नाही. ६००२ घ्या (१५ × ३२ × ९), मग ३० चा पिनियन ३२ च्या बोअरमधून आरामात जातो. कॅडमध्ये भाग एकमेकांतून आरपार जातात, म्हणून हे स्क्रीनवर लक्षात येत नाही. असेंब्ली कोणत्या क्रमाने होईल ते मॉडेल उघडून एकेक भाग बाहेर काढत तपासा.

७. कोटेशन घेताना

भोसरी एमआयडीसीत जायचं तर गुरुवार टाळा, बऱ्याच शॉपना सुट्टी असते. सकाळी लवकर किंवा चहाच्या वेळी जा. मालक ड्रॉइंग हातात घेतील, उलटसुलट करतील आणि पहिला प्रश्न विचारतील, “नग किती?”

त्यानंतर ते ज्या जागेवर बोट ठेवतात ती जागा महत्त्वाची. एका शॉपमध्ये काकांनी हाउसिंगच्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे आर २, म्हणजे २ मिमी त्रिज्या लिहिली होती. “हा आर दोन कशाला? चाळीस खोल आहे. चारचा कटर एवढ्या खोल गेला की थरथरतो. आर सहा करा, बाराच्या कटरने भराभर काढतो.” कॅडमध्ये तो एक आकडा बदलायचा होता, तिथे कुठलाच भाग बसत नव्हता. असे दोन-तीन प्रश्न ऐकून मग ड्रॉइंग गोठवा. त्याआधी तीन शॉपकडून आकडे मागवत बसण्यात अर्थ नाही.

प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या: मटेरियल तुमचं की आमचं? दर जीएसटी धरून की सोडून? सेटिंग वेगळं आहे का? डिबरिंग आणि टॅपिंग आहे का? बोअर कशाने मोजून देणार? नग बाद झाला तर मटेरियल कोणाचं? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण आधी विचारला तर कोणी रागावत नाही.

कोणी फुकटात करून देतो म्हणाला तर मनापासून आभार माना, पण त्या कामाचा बाजारभाव विचारून तक्त्यात लिहा. कॉस्ट रिपोर्टमध्ये शून्य रुपये चालत नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या संघाला ती सवलत मिळेलच असं नाही.

८. एकाच तक्त्यात मांडा

प्रत्येक पर्यायाला एक ओळ आणि त्यात हे रकाने: कच्चा माल, मशिनिंग, सेटिंग, बाहेरची प्रक्रिया, विकत आणलेले भाग, वाहतूक, सुटा संच, एकूण वजन, मोजलेला किंवा अपेक्षित प्ले, हातात यायला लागणारे दिवस.

विकत आणलेल्या भागांची यादी सगळ्यांत जास्त वेळा अपुरी राहते. युनिव्हर्सल जॉइंट, क्विक रिलीज, कॉलमची बेअरिंग, रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट), डाव्या आणि उजव्या आट्यांचे जॅम नट, नायलॉक नट, मोठे वॉशर, रॅकचे बूट, ग्रीस. नटबोल्ट बोहरी आळीत मिळतात, पण ८.८ डोक्यावर कोरलेलं आहे का ते प्रत्येक बोल्टवर पाहून घ्या.

टाय रॉडवर उगाच पैसे घालू नका. १६ मिमी बाहेरचा आणि १२ मिमी आतला व्यास असलेली ३५० मिमीची स्टीलची नळी बकलिंगला (दाबाखाली बाजूला वाकण्याला) ऑयलरच्या सूत्राने सुमारे ३६ किलोन्यूटन पेलते. साधं स्टील त्याआधीच यील्ड होतं, तरीही ते बल तुमच्या बलाच्या कितीतरी पट असतं. नळी वाकत नाही, तिच्या टोकाच्या रॉड एंडचे आटे वाकतात. म्हणून रॉड एंड दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या क्लिव्हिसमध्ये (दोन कानांच्या कंसात) बसवा आणि पैसे चांगल्या रॉड एंडवर खर्च करा.

वजनाच्या रकान्याचा उपयोग असा: दोन पर्यायांतल्या खर्चाचा फरक भागिले वजनाचा फरक, म्हणजे एक किलो कमी करायला किती रुपये पडले. हाच आकडा चेसिसवाल्या आणि ब्रेकवाल्या मित्रांकडून मागा. त्यांच्याकडे तो किलो निम्म्या पैशांत उतरत असेल तर पैसे त्यांना द्या. संघ एकच आहे.

९. तारखा आधी कॅलेंडरवर लिहा

स्पर्धा जानेवारीच्या सुमारास असेल तर मशिनिंग नेमकं दसरा-दिवाळीत येतं. दसऱ्याला मशिनची पूजा असते, दिवाळीला कामगार गावी जातात आणि परतल्यावर आधी कंपन्यांचं साठलेलं काम निघतं. महिनाअखेरीलाही तुमचा जॉब मागे पडतो, कारण शॉपचं पोट कंपन्यांच्या ऑर्डरवर आहे. हाउसिंग आणि पिनियन गणपतीच्या आधी शॉपमध्ये टाकता आले तर टाका. तीन ठिकाणी जाणारा भाग, म्हणजे लेथ, मग हॉबिंग, मग ग्राइंडिंग, स्वतः घेऊन फिरा. ‘ते पाठवतील’ यावर सोडलं की भाग टेबलाखालच्या क्रेटमध्ये पडून राहतो.

१०. बसवल्यावर मोजा

दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर दोन्हीकडचे कोन सारखे ठेवा आणि मधल्या शाफ्टचे योक (जॉइंटचे दुहेरी कान) एका रेषेत. एकच जॉइंट ३० अंशांवर चालवला तर एका फेऱ्यात वेग ०.८७ ते १.१५ पट असा बदलत राहतो आणि स्टिअरिंग एका जागी जड, एका जागी हलकं लागतं.

प्ले मोजताना पुढची चाकं जमिनीवर आणि घट्ट अडवलेली हवीत. व्हील एका बाजूला हलक्या हाताने फिरवा, जिथे अडकतं तिथे खूण करा, मग दुसऱ्या बाजूला. ७ च्या वर आला तर घाईने रॅक उघडू नका. एक जण व्हील डावी-उजवी हलवत राहील आणि दुसऱ्याने क्रमाने प्रत्येक जोडावर बोट ठेवावं: क्विक रिलीज, वरचा जॉइंट, खालचा जॉइंट, पिनियन, रॅकचा बुश, आतला रॉड एंड, बाहेरचा रॉड एंड. एक बाजू हलते आणि दुसरी थांबलेली असते, तो जोड बोटाला लगेच कळतो.

मग स्टॉप तपासा. पूर्ण वळवल्यावर आधी स्टॉप लागला पाहिजे. टाय रॉड आणि आर्म एका रेषेत येऊन उलटे अडकता कामा नयेत. हुकाच्या काट्याने व्हीलच्या कडेला ओढून उभ्या गाडीचा जोर नोंदवा. पुढे रॅक झिजला की हाच आकडा बदलताना दिसतो.

पहिल्या टेस्टिंगआधी प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, आणि प्रत्येक सत्रानंतर टाय रॉडच्या जॅम नटांपासून सुरुवात करून रेघा जुळतात का ते पाहा.